टक्केवारीच्या आडून

राजकीय हिंसेला किती टक्के जनतेचा पाठिंबा, याची मोजदाद करायचं एक खूळ निघालंय. अमेरिकेत अशा पाहण्यांनी ८ पासून ४० टक्क्यांपर्यंत आकडे काढले. २०२२ साली शॉन वेस्टवुड आणि सोबतच्या संशोधकांनी प्रश्न नेमके केले, लक्ष न देता खुणा करणारे वेगळे काढले. आधीच्या पाहण्यांचा मधला आकडा १८.५ टक्के, यांचा २.९. सहापट हिंसा नुसत्या फॉर्मावर पैदा झाली होती!

तिथं आकडा फुगला. आपल्याकडं तो दडी मारतो. रायगडच्या किनाऱ्यावरून सावित्रीच्या खाडीनं वर या, महाडला. जानेवारी १९२४ मध्ये नगरपालिकेनं ठराव केला, चवदार तळं अस्पृश्यांना खुलं. त्या दिवशी कुणी पाहणी केली असती तर महाड म्हणजे समतेचं माहेरघर ठरलं असतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले. काही तासांत अफवा, आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. झालं! निघाल्या लाठ्या. जेवायला बसलेली माणसं झोडपली. परतणाऱ्यांना गावोगाव ठोका, असे निरोप गेले. मग शेण-गोमूत्र-दूध-दह्याच्या १०८ घागरी, मंत्र, तळं 'शुद्ध'. ऑगस्टात त्याच नगरपालिकेनं ठराव मागं घेतला.

लाठी मारणारे मोजता येतील. निरोप पोचवणारा, घागर भरणारा, हात वर करून ठराव फिरवणारा कुठल्या रकान्यात बसवणार? विचारा त्याला, हिंसा मान्य आहे का? 'छे छे' म्हणेल. आणि साला खोटंही बोलत नसेल. त्याच्या लेखी घागर म्हणजे धर्मकार्य, आमची ओंजळ म्हणजे दंगा. प्रश्नातल्या 'हिंसा' या शब्दाचा अर्थ कोण ठरवतो, तिथंच सगळी गोम आहे.

आणि विचारणारा बसतो कुणाच्या ओटीवर? पाटलाच्या. तिथं बोलावलेला आमचा माणूस काय बोलणार, कपाळ!

२७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव दोन्ही सभागृहांत एकमतानं झाला. एकमतानं! त्यावर मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. नामविस्ताराला १९९४ उजाडलं.

तेव्हा मत विचारू नका, कृती विचारा. दंगलीच्या रात्री दार कुणी उघडलं? बहिष्कारात पीठ कुणी दळून दिलं? महाडात मार खाणाऱ्यांना मुसलमानांनी घरात घेतलं. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला सवर्णांची जागा मिळेना, ती फत्तेखानानं दिली.