सिद्धता कोणत्या भाषेत लिहायची?

गणिताला भाषा नसते, असे आम्हांला वारंवार ऐकविले जाते. मग पांढुर्णा-सौंसरच्या मराठी मुलांनी ते हिंदीतून शिकले तर बिघडले कुठे? बेरीज-वजाबाकीपुरते हे खपून जाईल. परंतु महाविद्यालयात विविक्त गणित सुरू झाले, की संच, तर्कवाक्ये आणि विगमन समोर येतात, आणि उत्तर म्हणून आकडा नव्हे, सिद्धता लिहावी लागते. सिद्धता म्हणजे वाक्यांची साखळी. वाक्य आले की भाषा आलीच.

'सगळी संत्री गोड नाहीत' हे वाक्य आमच्या संत्र्यांच्या मुलखात कोणीही सहज बोलेल. अर्थ कोणता? एकही गोड नाही, की काही आंबट आहेत? 'सगळी गोड आहेत' हे विधान खोडण्यास एक आंबट संत्रे पुरते. सिद्ध करण्यास मात्र एकही सुटून चालत नाही. तसेच, 'पोळ्याचा दुसरा दिवस असेल तर जाम नदीवर गोटमार असते' हे मान्य केले, तरी नदीवर गर्दी दिसली म्हणजे पोळा झाला, असे निघत नाही. 'जर-तर'मधील हे बारकावे मूल घरच्या बोलीत ऐकून शिकते. सिद्धतालेखनाची खरी पूर्वतयारी तीच.

परिभाषा पाहा. मराठीतला 'संच' हिंदीत 'समुच्चय' होतो, 'मूळ संख्या' 'अभाज्य संख्या' होते आणि 'विगमन' चक्क 'आगमन' होते. मराठी कानाला 'आगमन' म्हटले की गणपती आठवतो! हिंदीचे शब्द सदोष आहेत, असे आम्ही म्हणत नाही. पण नवी कल्पना आणि परका शब्द, असे दोन ओढे एकाच उडीत ओलांडायला लावायचे आणि मूल पडले की 'गणितात कच्चे' म्हणायचे, हा अन्याय आहे.

२०२२ मध्ये मध्य प्रदेशाने वैद्यकाची पाठ्यपुस्तके हिंदीत आणली. मातृभाषेतले ज्ञान खोल रुजते, हा त्यामागचा तर्क आम्हांला मान्य आहे. मात्र हे विधान प्रत्येक मुलासाठी आहे की काही मुलांसाठी? प्रत्येकासाठी असेल, तर सौंसरचे एक मराठी मूल हे पुरेसे प्रत्युदाहरण आहे.

संविधानाचा अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांना मातृभाषेच्या शिक्षणाचा आधार देतो, पण प्राथमिक स्तरापुरताच. म्हणून आमची मागणी माफक आहे: पहिल्या वर्षाच्या गणितासाठी मराठी, हिंदी आणि इंग्रजी संज्ञांची तीन रकान्यांची यादी द्यावी, आणि सिद्धतेचा कच्चा मसुदा मराठीत लिहिण्याची मुभा असावी. पांढुर्णा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. आता छिंदवाड्याकडे बोट दाखवून चालणार नाही. घरात मुलांशी मराठी बोलायला संकोचणाऱ्या आपल्यालाही नाही.

पक्ष: ही मुले मराठीत विचार करतात. साध्य: त्यांना मराठीत सिद्धता लिहिता आली पाहिजे. सिद्धता आपल्याला लिहायची आहे.