रिकाम्या चौकीची किंमत


'सीमेवरच्या उंच चौक्यांत माणसे कशाला, कॅमेरे पुरेत' हे गेल्या अंकातले पत्र वाचून मन अस्वस्थ झाले. १९९८-९९ च्या हिवाळ्यात कारगिलमधल्या उंचावरच्या चौक्या रिवाजाप्रमाणे रिकाम्या केल्या होत्या. घुसखोर तिथेच येऊन बसले. ती शिखरे परत घेताना आपले पाचशेहून अधिक जवान गेले.

उलट सियाचीन हिमनदीवरच्या चौक्या १९८४ पासून बारमाही भरलेल्या आहेत. बाना चौकी तर सुमारे २१,००० फुटांवर. माझा मुलगा हिमनदीवरच्या चौकीतून परतला तेव्हा कितीतरी दिवस त्याच्या थुंकीत काजळी पडायची, कारण फायबरच्या त्या झोपडीत ऊब रॉकेलचीच. हातमोजा काढून बंदुकीच्या लोखंडाला बोट लावले की कातडी चिकटते, असे तो सांगतो. रॉकेलही बरेचदा हेलिकॉप्टरने येते, आणि त्या विरळ हवेत हेलिकॉप्टर फारसे वजन उचलू शकत नाही.

कॅमेरे जरूर लावा. पण माणसे काढून वाचवायचा म्हणता तो पैसा आधी जवानाच्या अंगावर खर्च करा. २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात बर्फातल्या चष्म्यांचा आणि बुटांचा तुटवडा नोंदलेला आहे. पत्रलेखकांनी तो अवश्य वाचावा.

— एका जवानाचे वडील, जि. सातारा