हमालाला कवाईत कशाला?

कंपवाताच्या रोग्यास भौतिकोपचार सुचविला, की नागपूरच्या कळमना बाजारात पूर्वपक्ष तयारच असतो: ज्याने उभी हयात मिरचीची पोती आणि धान्याचे कट्टे पाठीवर वाहिले, त्या हमालास निराळा व्यायाम कशाला, आणि गोळीने हात स्थिर होतोच आहे, तर या कवाईतीपायी रोजी का बुडवावी?

युक्तिवाद सकृद्दर्शनी सबळ आहे. रोगाची ओळख मात्र त्यात नाही. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी वर्णिलेल्या या विकारात, मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी क्षीण झाल्यामुळे, ज्या हालचाली पूर्वी विनासायास होत त्यांचे माप चुकते, पाऊल आखूड पडते, आणि आपण ते पुरेसे लांब टाकले असा रोग्याचा प्रामाणिक समज मात्र कायम राहतो. ओझ्याने कमावलेली ताकद तेथे काय करणार?

लेव्होडोपाच्या गोळीने ताठरपणा व मंदपणा पुष्कळ ओसरतो हे निर्विवाद असून, गोळी टाकून केवळ व्यायाम करा म्हणणारा रोग्याचा घातच करील. परंतु तोल जाणे आणि दाराशी पाय खिळणे या तक्रारी गोळीस पुरती दाद देत नाहीत. म्हणून गोळीचा अंमल असतानाच उपचारक जमिनीवरील आडव्या पट्ट्या ओलांडावयास लावतो, टाळीच्या ठेक्यावर चालवितो, जागच्या जागी न वळता मोठा वळसा घ्यावयास शिकवितो. आतली आज्ञा निष्फळ ठरते तेथे बाहेरची खूण कामी येते. सपाट जमिनीवर अडणारा रोगी कित्येकदा जिना बिनदिक्कत चढतो, तो याच न्यायाने. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी तर अशा रोग्यांसाठी नृत्यवर्गच चालविले. पडण्याच्या धास्तीने वडिलांस खाटेवर बसवून ठेवणाऱ्या लेकरांची माया खरी, पण बैठकीने पाय अधिकच दुबळे होतात आणि पडण्याचे भय वाढते.

रोजीचा आक्षेप मात्र मला झिडकारता येत नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात भौतिकोपचाराची सोय आहे. पण ‘मेडिकल’ची खेप म्हणजे हमालाच्या घरातील सोबत्याचाही दिवस बुडणे. सबब १९६९ च्या माथाडी कायद्याखालील मंडळाने आणि बाजार समितीने मिळून तजवीज करावी: लिलाव आटोपल्यावर रिकामी पडणारी एक शेड, फरशीवर चुन्याच्या पट्ट्या, भिंतीस धरावयास एक दांडा, आणि आठवड्यातून दोनदा येणारा उपचारक.