जर्नलमध्ये एक्सेलचा ग्राफ : चालेल, पण...

आपल्या कॉलेजात ग्राफच्या बाबतीत दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचे सर एक्सेलची प्रिंट दिसली की जर्नल परत करतात. 'ग्राफ पेपरवर काढा, पेन्सिलीने, स्वतःच्या हाताने!' दुसऱ्या पंथाचे सर रंगीत प्रिंट बघून खूष होतात आणि सही करून मोकळे. ग्राफ उलटा चिकटवला असता तरी सही मिळाली असती अशी मला शंका आहे. हॉस्टेलमध्ये साहजिकच दुसऱ्या पंथाची भक्तमंडळी जास्त. सबमिशनच्या आदल्या रात्री एकीने फाईल बनवायची आणि बाकीच्या दहाजणींनी नाव बदलून प्रिंट मारायची, हे आता गुपित राहिलेलं नाही.

मीही त्याच भक्तांपैकी. त्यात कॉन्व्हेंटची. सहावीपासून एक्सेल हाताळलेलं, त्यामुळे ग्राफ पेपरवर ठिपके देत बसणं म्हणजे निव्वळ टाइमपास असं माझं ठाम मत होतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हे मत बदललं. पूर्ण नाही, अर्धं बदललं, म्हणून हा लेख.

सुट्टीत मी रूममेटच्या गावी गेले होते, अंबड तालुक्यात. तिच्या वडिलांची मोसंबीची बाग आहे आणि बागेच्या वर शेततळं. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ साली आली, त्यातलं सगळ्यात मोठं माप म्हणजे ३० बाय ३० बाय ३ मीटर. काकांचं तळं त्याच मापाचं. त्यांचा प्रश्न साधा होता. यंदा तळं भरलंय, तर मोसंबीचं पाणी बाजूला ठेवून थोडा गहू घेता येईल का? प्रश्न साधा, पण २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या किती बागा वाळल्या हे इथे कुणालाच सांगावं लागत नाही. गहू एका हंगामात परत येतो, मोसंबीचं झाड नाही येत.

आता तळ्याच्या बाजू सरळ उभ्या नसतात, उतरत्या असतात. १:१ उतार धरला तर वर ३० मीटर आणि तळाशी २४ मीटर. तळापासून क्ष मीटर उंचीवर पाण्याची बाजू २४ + २क्ष, तिचा वर्ग म्हणजे पृष्ठभाग, आणि त्याचं इंटिग्रेशन केलं की पाणी : ५७६क्ष + ४८क्ष² + (४/३)क्ष³ घनमीटर. क्ष = ३ टाकलं की २१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर. एम-वन, एम-टू ज्याच्यासाठी रडत पास केलं ते असं शेतात भेटेल असं वाटलं नव्हतं!

काकांकडे खुणा केलेली एक काठी होती. पाणी आत्ता वरच्या भागात असल्यामुळे वरच्या खुणा जवळजवळ, पाव-पाव मीटरवर, आणि खालच्या लांब. ०, १, १.५, २, २.२५, २.५, २.७५, ३. मी लॅपटॉप काढला, एका कॉलममध्ये या खुणा लिहिल्या, शेजारी फॉर्म्युला टाकला, खाली ओढला, 'लाईन' चार्ट घातला. पाच मिनिटांत ग्राफ तयार. मी ऐटीत स्क्रीन फिरवला. रेघ सुरुवातीला झपकन चढत होती आणि वर जाऊन मंदावत होती. 'काका, खालच्या भागात जास्त पाणी आहे बघा. मधोमध आलात तरी साडेचौदाशे घनमीटरच्या आसपास शिल्लक, म्हणजे दोन तृतीयांश!'

काका थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'पोरी, तळं खाली निमुळतं हाय का वर? मंग खाली जास्त पाणी मावंल कसं?'

खरं सांगते, कान गरम झाले. आकडे तपासले, सगळे बरोबर. १.५ मीटरला ९७६.५ घनमीटर, म्हणजे पूर्ण तळ्याच्या ४४-४५ टक्के. अर्धी काठी म्हणजे अर्धंसुद्धा पाणी नाही; अर्धं पाणी साधारण १.६६ मीटरला असतं. आकडे बरोबर आणि चित्र चूक, हे कसं?

चूक 'लाईन' या शब्दात होती. लाईन चार्ट आडव्या अक्षावरच्या आकड्यांना आकडे समजत नाही, नावं समजतो. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च अशी एकामागून एक सारख्या अंतरावर मांडतो. त्यामुळे ० ते १ हा एक मीटर आणि २.७५ ते ३ हा पाव मीटर, दोघांना सारखीच जागा. खालचं ताणलं गेलं नाही, वरचं मात्र पसरलं, आणि वर वळणारी रेघ उलटी वाकली. यात एक्सेलला दोष देण्यात अर्थ नाही. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली व्हिजिकॅल्क आणलं तेच मुळी हिशेबासाठी, आणि हिशेबात आडव्या अक्षावर महिनेच असतात. बीजगणितातला ग्राफ हवा असेल तर 'स्कॅटर' निवडायचा. तो निवडला आणि रेघ सरळ झाली; म्हणजे जशी वाकायला हवी तशी वाकली.

ग्राफ पेपरवर ही चूक मला करताच आली नसती. तिथे स्केल मी स्वतः ठरवते. २.२५ चा ठिपका कुठे द्यायचा ते चौकोन मोजून शोधते. त्या मोजण्यातच आकडा किती मोठा हे हाताला कळतं. पहिल्या पंथाच्या सरांचं एवढं म्हणणं मला आता पटतं.

पण एवढंच. कारण त्याच संध्याकाळी काकांचे भाऊ आले. त्यांना २० बाय २० चं तळं घ्यायचं होतं. मी शीटमध्ये एका सेलमधले ३० पुसून २० केले आणि सगळा तक्ता, सगळा ग्राफ एका क्षणात बदलला : ८७६ घनमीटर, म्हणजे मोठ्या तळ्याच्या ४० टक्केच. मग उतार बदलून बघितला, खोली बदलून बघितली. पेन्सिलीने एवढे ग्राफ काढायला अख्खी सुट्टी गेली असती, आणि कंटाळून दुसऱ्यानंतर मी थांबलेच असते.

खोडी काढायची म्हणून मी क्ष उणे १ पर्यंतही ओढला. तळ्यात उणे ५२९ घनमीटर पाणी! ५ टाकलं तर ४२४७. पाणी बांधाच्या दोन मीटर वर, हवेत. शीट कधीच म्हणत नाही, 'अहो, तळं तीन मीटरचंच आहे ना?'

आणखी एक खड्डा सांगून ठेवते, कारण मागच्या वर्षी आमच्या विंगमध्ये निम्म्याजणी त्यात पडल्या. य = -क्ष² चा ग्राफ काढायला =-ए२^२ लिहिलंत तर पॅराबोला वर तोंड करून बसतो. एक्सेल आधी उणे चिन्ह लावतं, मग वर्ग करतं. -२^२ त्याच्या मते ४, आपल्या वहीत आणि पायथॉनमध्ये -४. =-(ए२^२) असा कंस घाला.

तर दोन्ही पंथांच्या सर-मॅडमना विनंती, राग मानू नये. जर्नलला शीटचा ग्राफ चालू द्या. पण प्रिंटखाली निळ्या पेनाने तीन बिंदू हाताने काढलेले असावेत, दोन टोकांचे आणि एक मधला. आणि क्ष कुठून कुठपर्यंत घेतला आणि का, ही एक ओळ. तोंडी परीक्षेत फक्त मधल्या बिंदूवर बोट ठेवून 'हा इथे कसा आला?' एवढं विचारा. फाईल ढापणारीला ते सांगता येणार नाही, मीही सांगू शकले नसते.

काकांच्या मोटारीच्या खोलीत आता स्कॅटरची प्रिंट चिकटवलेली आहे. त्यावर १.७५ पाशी त्यांनी स्वतः एक उभी रेघ मारली. रेघेच्या डावीकडचं ११६२ घनमीटर पाणी मोसंबीचं, उन्हाने उडून जाईल ते त्यातूनच. गहू त्यांनी ठरवलं होतं त्याच्या निम्माच पेरला.