घरपोच मतपत्रिका आणि मताची गुप्तता

मुंबई वायव्य मतदारसंघाचा २०२४ चा लोकसभा निकाल मुंबईकर अद्याप विसरले नसतील. मतदानयंत्रांवरील मोजणीत श्री. अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपालाने आलेली मते मिळविल्यानंतर श्री. रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी ठरले. दोघांनाही साडेचार लाखांहून अधिक मते पडली होती. त्या निकालावरून जो वाद झाला त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु मोजणीच्या दिवशी सकाळी प्रथम उघडले जाणारे आणि एरवी कोणी फारसे लक्ष न देणारे ते लखोटे लोकसभेतील एका जागेचा निर्णय करू शकतात, ही गोष्ट त्या दिवशी सर्वांच्या ध्यानात आली. त्यामुळे टपाली मतदानाची व्याप्ती किती असावी, हा प्रश्न केवळ कायदेपंडितांचा राहिलेला नाही.

सुशिक्षित वर्गात अलीकडे एक विचार वारंवार ऐकू येतो. वीजबिल घरबसल्या भरता येते, बँकेचे व्यवहार घरबसल्या होतात, मग मतच देण्यासाठी उन्हात रांग का लावावी? ज्याला हवी त्याला मतपत्रिका घरी पाठवावी आणि त्याने ती सवडीने भरून टपालपेटीत टाकावी. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९९८ च्या सार्वमतानंतर हीच रीत रूढ झाली आहे, स्वित्झर्लंडमध्ये बहुसंख्य मतदार टपालानेच मत देतात, असे दाखलेही दिले जातात. हे दाखले खरे आहेत. आजारी, अपंग, प्रवासात असलेला, दोन पाळ्यांत काम करणारा, अशा किती तरी लोकांचे मत टपालामुळे वाचते, हेही निर्विवाद आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे तीस कोटी मतदारांनी मत दिले नाही, असे निवडणूक आयोगानेच सांगितले होते. त्या सर्वांना आळशी म्हणणे अन्यायाचे होईल.

आपल्याकडे टपाली मतदान नवे नाही. सैन्यातील मतदार, निवडणुकीच्या कामावरील कर्मचारी आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेतील व्यक्ती यांना ही सोय फार पूर्वीपासून आहे. सैनिकांना तर मतपत्रिका आता संगणकाद्वारे पाठविली जाते. जाताना ती विजेच्या वेगाने जाते आणि येताना टपालाच्या वेगाने येते, एवढेच. मोजणी सुरू होण्याच्या घटकेपर्यंत ती पोचली नाही तर सीमेवरच्या जवानाचे मत वाया जाते.

पोचलेल्या मताचीही वाट सोपी नसते. मतपत्रिका आतल्या लखोट्यात, तो लखोटा आणि घोषणापत्र बाहेरच्या लखोट्यात, घोषणापत्रावर मतदाराची सही आणि राजपत्रित किंवा तत्सम अधिकाऱ्याचे साक्षांकन. यांत कोठेही चूक झाली की मत बाद. गुजरातमधील धोळका मतदारसंघात २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत विजयी उमेदवाराचे मताधिक्य ३२७ होते आणि बाद ठरविलेल्या टपाली मतपत्रिका ४२९ होत्या. त्या बेकायदा रीतीने बाद केल्या गेल्या, असा निष्कर्ष काढून गुजरात उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ती निवडणूक रद्दबातल ठरविली; काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. मतदानयंत्रावर दाबलेले बटण असे एखाद्या अधिकाऱ्याच्या मेजावर ‘बाद’ होत नाही. यातील उपरोध असा की, निवडणुकीच्या कामावर ज्यांना जुंपले जाते त्यांत शाळामास्तरांचाच भरणा मोठा असतो. म्हणजे इतरांचे मतदान निर्विघ्न पार पाडणाऱ्यांचेच मत सर्वांत अधिक विघ्नांतून जाते. त्यांच्यासाठी स्वतंत्र सुविधा केंद्रे उघडण्यात आली आणि २०२३ मध्ये नियम बदलून तेथेच मत देण्याचे बंधन घालण्यात आले, हे योग्यच झाले. मतपत्रिका खिशात घालून घरी नेण्याची मुभा होती तेव्हा ती कोणाकोणाच्या हातांतून फिरत असे, याविषयी न बोललेलेच बरे.

आणि येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. मतदान केंद्रावरील पुठ्ठ्याचा तो आडोसा दिसावयास क्षुल्लक असतो. परंतु त्याच्या आत मतदार आणि त्याची सद्सद्विवेकबुद्धी यांखेरीज कोणीही नसते, आणि कोणीही असू नये म्हणून बाहेर सरकार पहारा देत असते. इंग्लंडमध्ये १८७२ चा गुप्त मतदानाचा कायदा झाला तो जमीनदारांच्या देखत मत देणाऱ्या कुळांच्या अनुभवावरून. गुप्तता हा मतदाराचा हक्क आहेच. पण ते त्याचे कर्तव्यही आहे. कारण माझे मत मी कोणाला दिले हे दाखविण्याची मला सोय असेल, तर ते दाखविण्याची सक्तीही माझ्यावर होऊ शकते. मत विकत घेणाऱ्यास आज पैसे देऊनही खात्री नसते. टपाली मतपत्रिका ही त्याला ती खात्री मिळवून देणारी वस्तू आहे. ती भरताना तो शेजारी बसू शकतो, भरल्यावर लखोटा स्वतःच बंद करू शकतो.

शिवाय आपल्या घरांची रचना विसरून चालणार नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची पत्नी एवढेच सांगितले होते. तेथून निघालेली वाट २०१९ मध्ये अशा टप्प्यावर आली की लोकसभेच्या मतदानात स्त्रियांची टक्केवारी प्रथमच पुरुषांहून किंचित अधिक भरली. या स्त्रिया केंद्रावर गेल्या आणि आडोशामागे एकट्या उभ्या राहिल्या. घरातील पाच मतपत्रिका एकाच टपालाने आल्या असत्या तर त्या कोणाच्या हातात पडल्या असत्या, आणि जेवणानंतर ओटीवर बसून कोणी एकहाती भरल्या असत्या, हे सांगावयास ज्योतिषी नको. जे घरातील कर्त्याचे, तेच चाळीतल्या पुढाऱ्याचे, कारखान्यातल्या मुकादमाचे आणि गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाचेही.

हे भय काल्पनिक नव्हे. ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्याने मागेल त्याला टपाली मत मिळू लागले आणि २००४ च्या बर्मिंगहॅम नगरपालिकेच्या निवडणुकीत टपाली मतांचे एवढे गैरप्रकार झाले की पुढील वर्षी न्यायालयाने दोन प्रभागांतील सहा जणांची निवड रद्द केली. फ्रान्सने गैरप्रकारांमुळेच १९७५ मध्ये अंतर्गत टपाली मतदान बंद केले. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील एका मतदारसंघाची २०१८ ची निवडणूक टपाली मतपत्रिका गोळा करणाऱ्या टोळीमुळे पुन्हा घ्यावी लागली. टपाली मतदान म्हणजे सर्वत्र लबाडीच, असा याचा अर्थ नाही. ओरेगॉनची उदाहरणेही आहेतच. परंतु तेथील दक्षता आपल्याकडे एका रात्रीत येईल असे मानणे धाडसाचे होईल.

मग ज्याला घराबाहेर पडता येत नाही त्याने काय करावे? त्यासाठी आयोगाने काढलेला मार्ग आम्हास पसंत आहे. ८५ वर्षांवरील आणि चाळीस टक्क्यांहून कमी नाही एवढे अपंगत्व असलेल्या मतदारांनी मुदतीत अर्ज केल्यास दोन अधिकारी त्यांच्या घरी जातात, सोबत पोलीस आणि चित्रीकरण करणारा असतो, उमेदवारांना अगोदर कळविले जाते, आणि मतदार तेथेच आडोशात मत देतो. लोकसभेसाठी ही सोय देशभर प्रथम २०२४ मध्ये झाली. कायद्याच्या भाषेत हे टपाली मतदानच. परंतु येथे मतपत्रिका एकटी फिरत नाही, मतदान केंद्रच मतदाराकडे चालत येते.

या सोयीत दोष आहे तो वयोमर्यादेचा. ही मर्यादा २०१९ मध्ये ८० होती. २०२० च्या साथीत नियम बदलून ती ६५ वर आणली गेली, विरोधी पक्षांनी आक्षेप घेतला, आणि बिहारच्या निवडणुकीत आयोगाने ती लागू केली नाही. पुढे २०२४ मध्ये ती ८५ वर गेली. पाच वर्षांत तीन आकडे! वस्तुतः वयावर हे ठरविणेच चुकीचे आहे. नव्वदीतील अनेक आजोबा बोटाला शाई लावून घेण्यासाठी हट्टाने काठी टेकीत केंद्रावर जातात, आणि साठीतील अर्धांगवायूचा नवा रुग्ण, ज्याच्यापाशी अपंगत्वाचे प्रमाणपत्र अजून नाही, तो अंथरुणावर पडून राहतो. सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यावर अशा रुग्णास ही सोय मिळाली पाहिजे.

पोट भरण्यासाठी गाव सोडलेल्यांचा प्रश्न निराळा आहे. ऊसतोडीला गेलेले बीडचे कुटुंब किंवा मुंबईत बांधकामावर राबणारा बिहारी मजूर यांच्यापाशी टपाल पोचेल असा स्थिर पत्ताच नसतो. त्यांना मतपत्रिका पाठवू असे म्हणणे म्हणजे त्यांची थट्टा आहे. विस्थापित काश्मिरी मतदारांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्ली येथे खास मतदान केंद्रे उघडली जातात. माणूस जेथे आहे तेथे त्याच्या मतदारसंघाचे मत त्याला आडोशात देता येते, याचे हे चालू उदाहरण आहे. बहात्तर मतदारसंघांचे मतदान एका केंद्रावर घेऊ शकणाऱ्या यंत्राचा नमुना आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे मांडला होता. पक्षांच्या शंका खऱ्या होत्या. दूरच्या केंद्रावर प्रतिनिधी नेमावयाचे कोणी, आचारसंहिता कोठे लागू समजावयाची, यांना उत्तरे हवीतच. ती शोधण्याऐवजी विषय गुंडाळून ठेवणे मात्र समर्थनीय नाही. २०२९ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी एखाद्या पोटनिवडणुकीत, ऊसतोडीच्या हंगामात, कारखान्याच्या तळावर असे एक केंद्र उघडून पाहावे आणि जो अनुभव येईल तो सर्व पक्षांपुढे ठेवावा.