ख्रिस्तपुराण वाचायचे कोणी?

मराठीच्या गौरवाचा समारंभ असला, की फादर थॉमस स्टीफन्स यांची ती सुप्रसिद्ध ओवी व्यासपीठावरून हटकून ऐकू येते. टाळ्या पडतात आणि विषय तेथेच संपतो. १६१६ साली राशोल येथे छापल्या गेलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त आणखी सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, याचे स्मरण वक्त्यासही नसते आणि श्रोत्यांसही नसते.

इंग्लंडात जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरले. साष्टीतील देवळे त्यापूर्वीच पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीस मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांची प्रेते ताब्यात घेण्याचे काम स्टीफन्स यांच्याच वाट्यास आले. हा रक्तरंजित काळ विसरून ग्रंथाची भलामण करणे आम्हांस मान्य नाही. पण ग्रंथ स्वतःच तो विसरू देत नाही. आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? केवढी वेदना आहे या साध्या प्रश्नात! आणि परक्या राज्यसत्तेच्या छायेत वावरणाऱ्या धर्मोपदेशकाने तो आपल्या काव्यात नोंदवावा, यातच त्याचे कविपण आहे. उत्तरादाखल बायबलची कथा त्याने संतांच्या ओवीत सांगितली आणि स्वर्गाला निःशंकपणे वैकुंठ म्हटले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषांवरच बंदी घातली. त्या काळच्या छापील प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांच्या आधारे. १९०७ साली सालदाना यांनी मंगळूरला रोमन लिपीत, तर १९५६ साली बंडेलू यांनी देवनागरीत तो प्रसिद्ध केला. १९९६ साली द्रागो यांची आवृत्ती निघाली आणि २००९ साली फादर नेल्सन फाल्काव यांचे अर्वाचीन मराठी रूपांतरही आले. ग्रंथ मिळत नाही, ही सबब आता चालणार नाही.

तरीही बायबल जाणणाऱ्यास एकनाथ अपरिचित आणि एकनाथ जाणणाऱ्यास बायबल, अशीच आमच्याकडील अभ्यासाची स्थिती आहे. ग्रंथाची भाषा मराठी की कोंकणी, या वादात मात्र शाईचे पाट वाहिले. (आमचेही हात त्या शाईने माखलेले आहेत.) हे पुराण गाण्यासाठी रचलेले आहे. त्याचे अवस्वरू, म्हणजे अध्याय, एकंदर ९५. साष्टीतील एखाद्या चर्चच्या प्रांगणात, शेजारच्या भजनी मंडळींनाही आवर्जून बोलावून, दर आठवड्यास एकेक मोठ्याने वाचावा. दोन वर्षांच्या आत ग्रंथ पुरा होतो.