कुलूप आपले, किल्ली दुसऱ्याच्या खिशात

गेल्या महिन्यातील एका सोमवारची गोष्ट आहे. आम्ही कचेरीतून येऊन नुकतेच हातपाय धुतले होते. तेवढ्यात वस्तीतील एक माउली आपल्या मुलीला घेऊन दारात उभी राहिली. मुलीचे डोळे रडून सुजलेले होते. माउली म्हणाली, "जयभीम दादा. पोरीचा मेल उघडत नाही. नोकरीचा कागद त्यातच आलाय म्हणतात. आता काय करावं?"

ही माउली चार घरची धुणीभांडी करते. त्याच पैशावर तिने मुलीला नर्सिंगचा कोर्स पूर्ण करू दिला. मुलीने एका नोकरीसाठी परीक्षा दिली आणि यादीत तिचे नाव लागले. कागदपत्रे तपासणीची तारीख व वेळ ईमेलने कळवली जाईल, असे नोटिशीत लिहिले होते. मैत्रिणींना पत्रे आली. हिच्या मेलवरही आले असणार, पण मेलच उघडेना. तीन आठवड्यांपूर्वी गाडीच्या गर्दीत तिचा फोन चोरीला गेला होता. नवा फोन घेतला, नवे सिमही घेतले. नव्या फोनने पासवर्ड विचारला आणि तिथेच गाडी अडली.

आम्ही विचारले, "पासवर्ड काय होता, बाळ?"

ती म्हणाली, "काका, तो मी ठेवलाच नव्हता. बारावीला असताना क्लासमधल्या एका दादाने सगळं करून दिलं. फोन उघडला की मेल उघडायचा, म्हणून पासवर्ड कधी लागलाच नाही."

वाचक बंधू-भगिनींनो, हे उत्तर ऐकून तिला हसू नका. आपल्यापैकी किती जणांना स्वतःच्या मेलचा पासवर्ड ठाऊक आहे? आम्ही कारकुनी करतो, दिवसभर संगणकासमोर बसतो, आणि तरी आम्हीही दोनदा विसरलो आहोत. विसरणे हा गुन्हा नव्हे. मात्र विसरल्यानंतर दार पुन्हा कसे उघडते, हे प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे.

तिचा मेल जीमेलचा होता. पासवर्ड मागणाऱ्या पानावर खाली 'पासवर्ड विसरलात?' असा पर्याय असतो. तो दाबला की यंत्र आपली ओळख पटवून घेऊ लागते. आठवत असलेला शेवटचा पासवर्ड विचारते, पूर्वी नोंदवलेल्या मोबाईल नंबरवर किंवा दुसऱ्या ईमेलवर कोड पाठवू का, असे विचारते. एक मार्ग जमत नसेल तर दुसरा मार्ग निवडता येतो. माहीत नाही म्हणून प्रश्न सोडून देऊ नये. जवळचे वाटेल ते उत्तर द्यावे. एखादे उत्तर चुकले म्हणून यंत्र लगेच हाकलून देत नाही. परंतु रागाच्या भरात पुन्हापुन्हा प्रयत्न करू नये. मग काही काळ थांबायला लावते. मुलीने रविवारी दिवसभर तेच केले होते.

आणखी एक गोष्ट फार उपयोगाची आहे. हा प्रयत्न पूर्वी ज्या फोनवर ते खाते वापरले होते त्याच फोनवरून, आणि नेहमीच्या जागेवरून, म्हणजे घरातून किंवा कामाच्या ठिकाणाहून करावा. ओळखीच्या फोनवरून आणि ओळखीच्या जागेवरून आलेल्या माणसावर यंत्राचा विश्वास अधिक बसतो. मुलगी नव्या फोनवरून आणि मैत्रिणीच्या घरून खटपट करीत होती. चौकशी केल्यावर कळले की, आईच्या जुन्या फोनवर तिने याच खात्यातून अभ्यास केला होता. तो फोन काच फुटलेला, पण चालू होता. आम्ही तोच घेऊन त्यांच्याच खोलीत बसलो.

यंत्राने विचारले, 'या नंबरवर कोड पाठवू का?' नंबर पूर्ण दिसत नाही, शेवटचे दोन आकडे तेवढे दिसतात. ते पाहताच मुलगी म्हणाली, "हा माझा जुना नंबर. चोरीला गेलेला."

"सिम कुणाच्या नावावर होते?"

"मामाच्या. तेव्हा मला अठरा पूर्ण नव्हती."

अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय सिम मिळत नाही, म्हणून घरातील मोठ्या माणसाच्या नावावर घेतले जाते. यात चूक काही नाही. चूक पुढे झाली. फोन चोरीला गेल्यावर तोच नंबर परत घ्यायचा सोडून तिने नवा नंबर घेतला. जुना नंबर आपलाच राहतो, फक्त सिमचा तुकडा गेलेला असतो. ज्याच्या नावावर नंबर आहे त्याने ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात गेले की त्याच नंबरचे दुसरे सिम मिळते. परंतु फार काळ दुर्लक्ष केले आणि नंबर बंद पडला, तर बंद झाल्यापासून किमान 90 दिवसांनंतर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला जाऊ शकतो. मग आपल्या मेलचा कोड परक्या माणसाच्या खिशात वाजतो.

मामा नाशिकला कारखान्यात कामाला. बहिणीने फोन केला. बिचाऱ्याने मंगळवारचा खाडा केला, आधार कार्ड घेऊन दुकानात गेला आणि दुपारपर्यंत त्याच नंबरचे सिम चालू करून घेतले. आम्ही कोड मागवला, पण कोड आला नाही. माय-लेकी घाबरल्या. यातही यंत्राचा दोष नव्हता. सिम बदलले की पहिले 24 तास त्यावर एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे. लबाडीने दुसऱ्याच्या नंबरचे सिम काढून बँकेचे कोड चोरणारे लोक आहेत, त्यांना आळा बसावा म्हणून हा नियम केला. अर्थात, शेवटच्या दिवशी धावपळ करणाऱ्याला तो भोवतो.

त्या एका रात्रीत घात होता होता वाचला. शेजारच्या एका पोराने इंटरनेटवरून 'जीमेल कस्टमर केअर'चा नंबर शोधून आणला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. दीड हजार रुपये पाठवा आणि येणारा कोड सांगा, पाच मिनिटांत खाते चालू करतो, म्हणाला. माउली शेजारणीकडून उसने पैसे आणायला निघाली होती. मुलीने आम्हाला विचारले म्हणून पैसे वाचले. वाचकहो, हे ठळक अक्षरांत लिहून ठेवा. पासवर्ड काढून देणारा असा कोणी दलाल गूगलने नेमलेला नाही. पैसे घेऊन खाते उघडून देतो म्हणणारा माणूस चोर समजावा. पैसे गेलेच तर रडत न बसता ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे सापडणे कठीण.

बुधवारी संध्याकाळी मामाचा फोन आला. मुलीने मामाचा आवाज ओळखला, मामाने सहा आकडे वाचून दाखवले. खाते उघडले, नवा पासवर्ड ठेवला. पत्र आलेले होते. तपासणी शुक्रवारी सकाळी दहा वाजता. मुलगी वेळेवर पोहोचली, कागद तपासून झाले. नोकरीचा हुकूम अजून हाती यायचा आहे, पण दार तरी बंद झाले नाही.

त्या रात्री आम्ही मुलीकडून काही कामे करून घेतली. तीच प्रत्येक घराने या रविवारी करावीत. मेलमध्ये स्वतःचा, रोज हातात असणारा नंबर नोंदवावा. घरातील दुसऱ्या माणसाचा ईमेलही जोडावा. 2025 सालापासून गूगलने भरवशाच्या नातेवाइकाला मदतनीस म्हणून नोंदवण्याची सोयही केली आहे. दुहेरी तपासणी चालू केल्यास दहा राखीव कोड मिळतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो. फोन हरवला तरी ते उपयोगी पडतात, म्हणून कागदावर उतरवून ठेवावेत. आणि मेल अधूनमधून उघडावा, कारण दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते.

आपल्या घरात पत्र्याची पेटी असते. तिच्यात जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले असते. पूर आला तर आधी ती पिशवी बाहेर निघते. त्या पिशवीत आता एक छोटी वही ठेवा. कोणाचा ईमेल कोणता, त्याला कोणता नंबर जोडला आहे, सिम कोणाच्या नावावर आहे, पासवर्ड काय, हे तिच्यात लिहा. ती वही कॅफेवाल्याला देऊ नका, तिचा फोटो काढून कोणाला पाठवू नका. कॅफेत फॉर्म भरायला जावे लागले तर खुशाल जावे, पण नंबर आपला द्यावा आणि पासवर्ड आपल्या हाताने टाकावा.

शिष्यवृत्ती, नोकरीचा अर्ज, प्रॉव्हिडंट फंड, सारेच आज मोबाईल आणि ईमेलशी बांधले गेले आहे. मुलांना शिकवण्यासाठी आपण पोटाला चिमटा घेतो. मग त्यांच्या शिक्षणाचे फळ ज्या दारातून घरात येणार, त्या दाराची किल्ली परक्याच्या खिशात का राहावी? मामा एक दिवसाचा पगार बुडवून धावला म्हणून एका मुलीचे काम झाले. ज्यांचा मामा धावू शकत नाही, त्यांच्या घरी ती वही आजच लिहिली गेली पाहिजे.